आवाज दाराकडून यावा : मुलांसाठी आगीची सूचना देणाऱ्या यंत्राच्या प्रकल्प नोंदी

२५ मे २०२५

१८ मे रोजी पहाटे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्या कुटुंबातील दीड वर्षाचे मूलही होते. यंत्रमागांचे कंट्रोल पॅनेल दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे त्या भागात माझी रोजची ये-जा आहे, आणि गेला आठवडाभर तिथल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघालेला नाही. काल ताईकडे जेवायला गेलो असता तिने वाढता वाढता विचारले, "आपल्या घरात असं काही झालं तर पोरांना कळेल का रे?" मला उत्तर देता आले नाही, म्हणून आज ही वही उघडली आहे.

प्रथम घराची नोंद करतो. ताईचे घर साखर पेठेत आहे, जुने, माळवदाचे. ओट्यावरून आत शिरल्यावर अरुंद बोळ लागतो. त्यातच विजेच्या मीटरचा बोर्ड आणि माडीचा जिना आहे. पुढे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातून परसात उघडणारे दार, अशी सगळी रचना एका सरळ रेषेत आहे. भाची दहा वर्षांची आणि भाचा सहा वर्षांचा; दोघेही माजघरात आजीजवळ, म्हणजे ताईच्या सासूबाईंजवळ, झोपतात. ताई माडीवर असते आणि दाजींची मागावर रात्रपाळी असली की ते रात्री घरी नसतात. सासूबाईंना अलीकडे कमी ऐकू येते.

आग लागण्याचा संभव स्वयंपाकघरात आणि मीटरच्या बोर्डापाशी सर्वांत जास्त आहे. घराबाहेर पडण्याच्या वाटाही दोनच आहेत आणि नेमकी एकेक वाट या दोन जागांना चिकटून आहे. म्हणजे माजघरातील मुलांना "बाहेर पळा" एवढेच सांगून भागणार नाही. कोणत्या बाजूने, हेही सांगावे लागेल. कागदावर घराचा नकाशा काढल्यावर हे लक्षात आले. इतकी वर्षे त्या घरात वावरताना आले नव्हते.

१ जून २०२५

दुकानात सहज मिळतो म्हणून एमक्यू-२ या संवेदकापासून सुरुवात केली. यात टिन डायऑक्साइडचा थर आतील हीटरने तापवलेला असतो आणि ज्वलनशील वायू किंवा धूर त्याला लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. शाळा-महाविद्यालयांच्या विज्ञान प्रदर्शनांत मांडलेल्या बहुतेक आगसूचक यंत्रांत हाच असतो, त्यामुळे त्यासाठी लिहिलेले प्रोग्रामही हवे तेवढे सापडतात.

अडचण त्या हीटरपासूनच सुरू झाली. पाच व्होल्टवर तो सतत पाऊण वॅटच्या आसपास वीज घेतो. वीज गेल्यावर २५०० मिलिअँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलवर हे यंत्र दहा-बारा तासांपलीकडे चालणार नाही. शिवाय आग मीटरच्या बोर्डातच लागली तर घराची वीज पहिल्या मिनिटातच जाईल, म्हणजे यंत्राची गरज ज्या क्षणी सर्वांत जास्त, त्याच क्षणी ते बॅटरीवर आलेले असेल.

८ जून २०२५

ताईने पाऊस सुरू होण्याआधी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायला काढल्या आणि माझ्या यंत्राची परीक्षा आपोआप झाली. मिरच्यांचा खाट सुटताच भोंगा वाजू लागला आणि पूर्ण दुपारभर वाजत राहिला. त्याआधीच्या आठवड्यात तो लसणाच्या फोडणीला तीनदा आणि हात निर्जंतुक करायच्या अल्कोहोलच्या द्रवाला एकदा वाजला होता. या पाचव्या वेळी भाचा खेळातून उठलाही नाही. "मामाचं यंत्र आहे, मिरच्या भाजल्यात," असे त्याने शेजारच्या मुलाला समजावून सांगितले.

प्रयोगातील हे सर्वांत वाईट निरीक्षण आहे. दर आठवड्याला फोडणीला वाजणाऱ्या भोंग्याकडे खऱ्या आगीच्या रात्रीही कोणी लक्ष देणार नाही. एमक्यू-२ काढून टाकला.

१५ जून २०२५

धूर ओळखण्याचे काम मी स्वतः करू नये, असा निर्णय आज घेतला आणि तो मनाविरुद्ध घेतला, कारण अशा कामातील खरी गंमत संवेदकातच असते. परंतु धूर ओळखणारी तयार, चाचणी झालेली उपकरणे बाजारात मिळत असताना, पेठेतल्या माडीवर बसून केलेल्या जुळणीवर दोन मुलांची झोप सोपवणे योग्य नाही.

या उपकरणांचे मुख्य दोन प्रकार आहेत. आयनीकरण प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असतो. तो भडकलेल्या ज्वाळांच्या बारीक कणांना लवकर प्रतिसाद देतो, मात्र आपल्याकडे किरणोत्सारी द्रव्य असल्यामुळे तो अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांत येतो. प्रकाशीय प्रकारात काळ्या, वळणदार कप्प्यात एक अवरक्त दिवा आणि त्याच्याशी कोन करून एक प्रकाशसंवेदक बसवलेला असतो. एरवी दिव्याचा प्रकाश संवेदकावर पडत नाही, पण कप्प्यात धूर शिरला की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि संवेदकापर्यंत पोहोचतो. धुमसणाऱ्या आगीचा जाड धूर हा प्रकार लवकर पकडतो. आपल्या घरांत रात्री पेट घेण्यासारखे काय असते, तर वाकळा, गाद्या, चादरींच्या घड्या आणि खाटेखाली सरकवलेली डासांची कॉइल. कापूस आधी तासन् तास धुमसतो आणि मग पेटतो. म्हणून बॅटरीवर चालणारी दोन प्रकाशीय उपकरणे आणली.

आता माझे काम त्यांच्या पुढच्या टप्प्यापासून सुरू होते. ही उपकरणे वाजल्यावर मूल जागे होते का आणि जागे झालेले मूल बाहेर पोहोचते का, एवढेच मला पाहायचे आहे.

२२ जून २०२५

बसवण्याच्या जागा ठरवल्या. एक बोळाच्या छताला, मीटरच्या बोर्डापासून दीड मीटरवर. दुसरे माजघराच्या छताला, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. स्वयंपाकघराच्या आत लावण्याचा मोह टाळला, कारण मिरच्यांचा धडा अजून ताजा आहे. भिंत आणि छत मिळतात तो कोपरा टाळला, कारण तिथे हवा साचून राहते आणि धूर उशिरा पोहोचतो. पंख्यापासूनही शक्य तितके दूर ठेवले. सोलापुरात जूनअखेरपर्यंत पंखा पाचवर असतो आणि त्याच्या झोतात विरळ धूर उपकरणाखालून निघून जातो.

माडीवर पत्रा आहे. दुपारी पत्र्याखाली हातभर अंतरावर तापमापकाने ४९ अंश दाखवले. उष्णतेवर चालणारे उपकरण तिथे लावायचा विचार होता, पण ते साधारण ५७ अंशांना सुरू होते, त्यामुळे मेच्या दुपारी ते आणि खोटी सूचना यांत फारच थोडे अंतर उरेल. शिवाय तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेची चादर तयार होते आणि खालून येणारा कोमट धूर तिच्याखालीच अडतो. माडीवर फक्त स्पीकर लावायचा ठरवला.

२९ जून २०२५

विकत आणलेली उपकरणे उघडायची नाहीत, ही अट मी स्वतःला घातली आहे. एकदा आत डाग दिला की त्यांची चाचणी, हमी आणि खात्री एकदमच संपते. मग ती वाजली हे माझ्या यंत्राला कळणार कसे? ऐकून.

अशा उपकरणांचा भोंगा सुमारे ३१०० हर्ट्झचा असतो आणि त्याची लय आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेली असते: अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता, असे तीन टोले आणि शेवटच्या टोल्यानंतर दीड सेकंद विराम. म्हणजे चार सेकंदांचे एक आवर्तन होते. मी ईएसपी-३२ या नियंत्रकाला डिजिटल माइक जोडला आणि आलेल्या आवाजातून फक्त ३१०० हर्ट्झच्या आसपासची ऊर्जा मोजणारे गोर्टझेलचे गणित त्यात बसवले. दोन पूर्ण आवर्तने जुळल्याशिवाय सूचना द्यायची नाही. यात आठ सेकंद जातात, ते मी मान्य केले आहेत.

पहिल्याच रात्री त्याने तीन खोट्या सूचना दिल्या. कुकरची शिट्टी नव्हती, ती एकसलग असते. शोधता शोधता लक्षात आले की समोरच्या वखारीत माल उतरवायला येणारा टेम्पो मागे घेताना जो टीं-टीं आवाज करतो, तो जवळपास याच स्वरात आहे. त्या आवाजात दीड सेकंदाचा विराम नसतो, परंतु माझ्या प्रोग्राममध्ये विरामाची कमाल मर्यादा तपासली जात होती, किमान नव्हे. चूक माझी होती. सुधारल्यानंतर टेम्पो, मोबाइल, रिक्षा आणि दाजींची दाढीची मशीन, कशालाही प्रतिसाद आलेला नाही.

ऐकणारी एकेक पेटी प्रत्येक उपकरणापासून फूटभर अंतरावर लावली आणि आवाजाची पातळी अशी ठेवली की दोन खोल्यांपलीकडचा भोंगा ती गाठणार नाही. त्यामुळे आग पुढच्या बाजूची की मागच्या, हे पहिल्या सूचनेवरून ठरते. पेट्या वायफाय राउटरची वाट न पाहता एकमेकींशी थेट बोलतात. वीज गेली की राउटरही जातो.

१३ जुलै २०२५

झोपेतील पहिली चाचणी. ताई-दाजींची संमती घेतली होती आणि मुलांनाही आधी सांगितले होते की या महिन्यात एखाद्या शनिवारी रात्री मामा तुम्हाला उठवणार आहे, घाबरायचे नाही. शाळेच्या आदल्या रात्री चाचणी करायची नाही, हेही ठरलेले आहे. वेळ झोपल्यानंतर दोन तासांनी निवडली, कारण रात्रीच्या पहिल्या भागात मुलांची झोप सर्वांत गाढ असते.

विकतच्या उपकरणाचा स्वतःचा भोंगा, आणखी काही नाही. भाची ५० सेकंदांनी जागी झाली आणि कानांवर उशी घेऊन पुन्हा झोपली. भाचा तीन मिनिटांत हललाही नाही. सासूबाईंना काहीच ऐकू आले नाही. ताई माडीवरून धावत खाली आली. शेजारचे आजोबा ओट्यावर येऊन काय झाले म्हणून विचारू लागले. ज्यांना उठवायचे ते सोडून सगळे उठले.

अमेरिकेतील कोलंबस येथील नेशनवाइड चिल्ड्रेन्स हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५ ते १२ वर्षांच्या १७६ मुलांवरील अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यात नेहमीच्या उच्च स्वराच्या भोंग्याच्या तुलनेत आईच्या आवाजाने मुले जागी होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. बाहेर पडायला लागलेला मध्यक वेळ भोंग्याने २८२ सेकंद, तर आईच्या आवाजाने १८ ते २८ सेकंद होता. आईने मुलाचे नाव घेतले काय किंवा न घेतले काय, फरक पडला नाही. हे शेवटचे निरीक्षण मला सोयीचे आहे, कारण एकच ध्वनिमुद्रण दोघांना चालेल.

२० जुलै २०२५

ताईचा आवाज मुद्रित केला. पहिल्या वेळी ती वाचून दाखवल्यासारखे बोलली. मग मी तिला म्हटले, "ताई, शाळेची रिक्षा दारात आलीय आणि हा अजून लोळतोय, असं समज." दुसऱ्या वेळी जो आवाज निघाला त्याने मीच दचकलो. शब्द असे: "ऊठ! ऊठ! आग लागलीय. बाहेर ये!"

आवाजाआधी एक आवर्तन ५२० हर्ट्झच्या चौकोनी तरंगाचे ठेवले. हा खालचा स्वर ३१०० हर्ट्झच्या भोंग्यापेक्षा गाढ झोपेतील माणसाला अधिक परिणामकारकपणे जागे करतो, आणि वयोमानाने आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होत असल्यामुळे सासूबाईंनाही तो पोहोचावा.

२७ जुलै २०२५

कालच्या चाचणीची नोंद सविस्तर करतो, कारण पुढील सर्व रचना तिच्यामुळे बदलावी लागणार आहे.

स्पीकर माजघरात मुलांच्या उशाशी होता. ११ वाजून १० मिनिटांनी माजघरातील, म्हणजे स्वयंपाकघराच्या बाजूच्या, उपकरणाचे चाचणीचे बटण दाबले. सासूबाई खालच्या स्वराच्या पहिल्याच आवर्तनात उठून बसल्या. भाची ९ सेकंदांत उभी राहिली. भाचा १४ सेकंदांत जागा झाला, डोळे चोळत उभा राहिला आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

मी त्याला थांबवले नाही. तो अंधारात स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आलो." मग आई तिथे नाही हे पाहून गोंधळला आणि रडू लागला. भाची त्याच्यामागे गेली, कारण भावाला सोडून जायचे नाही हे तिला पक्के शिकवलेले आहे.

विचार केल्यावर यात मुलाचे काहीच चुकलेले नाही असे दिसते. रोज सकाळी त्याला उठवणारा हा आवाज स्वयंपाकघरातून येतो. "ये" या शब्दाचा त्याच्यासाठी अर्थ आई जिथे आहे तिथे जाणे, एवढाच आहे. "बाहेर" हा शब्द त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. झोपेतून उठलेले सहा वर्षांचे मूल वाक्य ऐकत नाही, आवाज ऐकते. मी आईचा आवाज वापरून त्याला अधिक लवकर जागे केले आणि तितक्याच लवकर आगीच्या दिशेने पाठवले. माझ्या यंत्राने काहीच केले नसते तर तो निदान अंथरुणात राहिला असता आणि ताईला खाली आल्यावर तिथेच सापडला असता.

रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही.

३ ऑगस्ट २०२५

नवी रचना अशी केली. माजघरातील स्पीकर कधीही बोलणार नाही; तो फक्त खालचा स्वर वाजवून जागे करील. मुलांसाठी बोलणारे स्पीकर दोन, एक ओट्याकडच्या दारावर आणि एक परसदाराच्या चौकटीवर, आणि त्या-त्या वेळी सुरक्षित असलेल्या बाजूचाच बोलेल. आईचा आवाज जिकडून येतो तिकडे मूल जाणार असेल, तर तो आवाज बाहेरच्या दारातून आला पाहिजे.

शब्दही बदलले. ओट्याकडच्या मुद्रणात "ऊठ! इकडं ये, ओट्यावर ये!" आणि परसाकडच्या मुद्रणात "ऊठ! इकडं ये, परसात ये!" एवढेच. "आग" हा शब्द काढला. तो ऐकून मुलाच्या हातून होण्यासारखे काही नाही, आणि भीतीने खाटेखाली किंवा कपाटात लपून बसणारी मुले आगीत सर्वांत उशिरा सापडतात.

ओळखीच्या कारखान्यातून ध्वनिमापक आणला. दारावरील स्पीकरचा आवाज मुलांच्या उशीपाशी, पंखा चालू असताना, ७१ डेसिबल भरला; तो किमान ७५ हवा. लोह-फॉस्फेट सेल ३.२ व्होल्टवर नियंत्रकाला थेट जोडता येतो आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात साध्या लिथियम-आयन सेलपेक्षा तो मला अधिक भरवशाचा वाटतो, परंतु त्या व्होल्टेजवर अँप्लिफायर अर्ध्या ताकदीनेही चालत नाही. अँप्लिफायरसाठी व्होल्टेज पाचपर्यंत वाढवणारे वेगळे सर्किट घातले, स्पीकर मोठा घेतला आणि त्याला बंद लाकडी पेटी केली. आता ७९ भरतो.

दोन्ही उपकरणे दहा सेकंदांच्या आत वाजली तर काय करायचे, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. सध्या अशा वेळी ओट्याकडचा स्पीकर बोलतो, कारण तिकडे रस्ता आणि शेजारी आहेत. ही या रचनेतील सर्वांत कच्ची जागा आहे.

१० ऑगस्ट २०२५

काल नारळी पौर्णिमा होती. मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवामुळे पूर्व भागात रात्री उशिरापर्यंत वाद्ये वाजत होती, म्हणून विडी घरकुल वसाहतीतील सहकाऱ्याच्या घरची चाचणी आदल्या दिवशी उरकली होती. त्याची नोंद आज करतो.

दोन खोल्या, एकच दार. सात वर्षांची मुलगी आजीजवळ झोपते. आजी दिवसभर विड्या वळतात. घरात तेलुगू बोलली जाते आणि मुलगी मराठी शाळेत जाते. मी दारावर आधी ताईच्या आवाजातील मराठी मुद्रण लावले. मुलगी २० सेकंदांत जागी झाली, उठून बसली आणि पेटीकडे पाहत राहिली. बाईंनी वर्गात काही विचारल्यावर जसे पाहतात तसे. एक मिनिटाने थांबवले. मग आजींच्या आवाजात मुद्रण केले, ते फारच साधे होते: "ले, ले! बयटिकि रा!" ऊठ, बाहेर ये, एवढाच अर्थ. दुसऱ्या चाचणीत मुलगी अर्धवट झोपेतच चालत दारापर्यंत आली आणि आजीला शोधू लागली.

एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या वेळी ती सावधही असेल. तरीही मुद्रण घरातल्याच माणसाचे आणि घरातल्याच बोलीत असले पाहिजे, हे मी आता धरून चालतो. सोलापुरात एका वाड्यात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार बोलींत मुले उठवली जातात. कारखान्यातून एकाच भाषेत भरून आलेली पेटी इथे अर्ध्या घरांत शाळेतल्या बाईंसारखी बोलेल. म्हणून पेटीवर एक मोठे बटण ठेवले आहे: ते दाबून धरायचे, बोलायचे, सोडायचे.

एकच दार असलेल्या घरात त्या दारापाशीच आग लागली तर माझे यंत्र निरुपयोगी आहे. खिडकीच्या गजांचा एक भाग आतून उघडणारा करून घ्या, असे सहकाऱ्याला सांगितले. त्याने लोहाराकडे माप दिले आहे.

३१ ऑगस्ट २०२५

गणपती बसल्यापासून पेठेत संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव आणि लेझीम चालू आहे. ऐकणाऱ्या पेट्यांनी एकही खोटी सूचना दिली नाही. उलट बाजूही तपासली: ढोल चालू असताना चाचणीचे बटण दाबले असता दोन आवर्तनांऐवजी तीन लागली, पण सूचना आली.

१४ सप्टेंबर २०२५

नव्या रचनेची पहिली पूर्ण चाचणी काल झाली. स्वयंपाकघराच्या बाजूचे उपकरण वाजवले, ओट्याकडचा स्पीकर बोलू लागला. भाचा १७ सेकंदांत जागा झाला, आवाजाच्या दिशेने वळला आणि बोळातून थेट दारापर्यंत गेला. तिथे थांबला. दाराची कडी वर आहे आणि त्याच्या आत लोखंडी जाळीच्या दाराला रात्री कुलूप असते. भाची पाय उंचावून कडीपर्यंत पोहोचली, पण कुलपाची किल्ली माडीवर ताईच्या उशाखाली होती. आईचा आवाज त्यांच्या डोक्यावर "इकडं ये, ओट्यावर ये" असे म्हणत राहिला आणि दोघे गजांना धरून उभे राहिले.

साडेतीन महिने मी आवाजाच्या मागे होतो आणि या कुलपावर एक ओळही लिहिलेली नाही. पहिल्याच नोंदीत घराचा नकाशा आहे. त्यात दारे आहेत, कड्या नाहीत.

ताईशी बराच वाद झाला. "रात्रपाळीला हे नसतात, मी कुलूप काढून झोपू?" असे ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे चुकीचे नाही, गेल्या वर्षी गल्लीत दोन चोऱ्या झाल्या आहेत. शेवटी जाळीच्या दाराला बाहेरून किल्लीने आणि आतून नुसती मूठ फिरवून उघडणारे कुलूप बसवायचे ठरले. बाहेरून हात घालून मूठ फिरवता येऊ नये म्हणून तिच्याभोवती पत्र्याची पेटी करावी लागेल. मुख्य दाराची वरची कडी काढून भाच्याच्या छातीच्या उंचीवर नवी लावायची, परसदारालाही तेच.

२१ सप्टेंबर २०२५

कुलपे आणि कड्या बसल्या. एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा याच कामाचा आहे, आणि यात एकही तार नाही. परसदाराची कडी गंजून घट्ट झालेली होती. भाच्याला ती हलवता येईना, म्हणून तेल घालून, कानस मारून ती एका बोटाने सरकेल अशी केली. दिवसा उजेडी त्याच्याकडून दोन्ही दारे वीस-वीस वेळा उघडून घेतली. त्याला हा खेळ फार आवडला आणि आता तो पाहुण्यांनाही दार उघडून दाखवतो.

रांगत जाण्याचा सरावही सुरू केला. धूर छताकडून खाली भरत येतो, त्यामुळे जमिनीलगत हवा बरी असते. डोळे बांधून माजघरापासून ओट्यापर्यंत रांगण्यात भाची पहिली आली. बाहेर आल्यावर कुठे थांबायचे, तर ओट्याकडून आल्यास समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी, परसातून आल्यास मागच्या बोळातल्या कडुलिंबाखाली. कशासाठीही परत आत जायचे नाही, आणि शेजाऱ्यांना १०१ लावायला सांगायचे.

माडीवरच्या माणसांसाठी वेगळी वाट लागते. बोळात आग असली तर जिना हाच धुराचा मार्ग होईल. माडीच्या मागच्या दारातून माळवदावर आणि तिथून कमरेएवढी भिंत ओलांडून शेजारच्या माळवदावर जाता येते. शेजाऱ्यांनी आनंदाने होकार दिला. उन्हाळ्यात त्यांची अंथरुणे तशीही आमच्या भिंतीला लागूनच असतात.

२३ ऑक्टोबर २०२५

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांच्या धुराने बोळातील उपकरण दोनदा वाजले. प्रकाशीय उपकरणाला धूर कोणाचा हे कळत नाही, त्यामुळे यावर उपाय नाही. दार लावून घेतल्यावर ते शांत झाले. दोन्ही वेळा परसाकडचा स्पीकर बोलला आणि भाचा हातातील फुलबाजी टाकून परसात जाऊन उभा राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते.

३० नोव्हेंबर २०२५

सहकाऱ्याकडून निरोप आला की उपकरण अधूनमधून विनाकारण वाजते. जाऊन पाहिले. शेजारच्या शेडमध्ये चार माग आहेत आणि उपकरणाच्या जाळीवर सुताच्या बारीक तंतूंचा पांढरा थर बसला होता. तो कप्प्यात शिरला की धुरासारखाच प्रकाश विखुरतो. मऊ ब्रशने आणि हातपंपाच्या हवेने साफ केले. इतरत्र ही सफाई वर्षातून एक-दोनदा पुरत असेल. माग जवळ असलेल्या घरात ती महिन्याला हवी. पेटीवर रंगाने तसे लिहून ठेवले, तेलुगूतही.

१८ जानेवारी २०२६

मुले गड्ड्यावरून, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतून, पाळण्यात बसून, दमून आली होती. इतकी गाढ झोप पुन्हा मिळणार नाही म्हणून काल रात्री न सांगता चाचणी घेतली. फक्त दाजींना माहीत होते. ताईला मुद्दाम कळू दिले नव्हते. या वेळी बोळातील उपकरण वाजवले, म्हणजे वाट परसातून.

भाची ११ सेकंदांत, भाचा १९ सेकंदांत जागा. भाच्याने आजीचा हात धरला, हे आम्ही शिकवलेले नव्हते. तिघेही रांगत नव्हे, पण वाकून स्वयंपाकघरातून गेले. कडी त्याने उघडली. ५८ सेकंदांनी तिघे कडुलिंबाखाली होते.

ताई मात्र माळवदाकडे गेली नाही. ती जिन्याने धावत खाली आली, ज्या बोळात आग आहे असे यंत्र सांगत होते त्याच बोळातून माजघरात शिरली, रिकामी अंथरुणे चाचपली, खाटेखाली वाकून पाहिले आणि मुलांची नावे घेत पुन्हा बोळाकडे वळली. मी तिला थांबवले तेव्हा दोन मिनिटे होऊन गेली होती. "पोरं कुठंयत?" एवढेच ती विचारत होती. माडीवरच्या स्पीकरमधून तिला तिचाच आवाज ऐकू येत होता आणि त्यातून मुले बाहेर पोहोचली की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता.

कडुलिंबाच्या खोडावर, भाच्याच्या हाताला लागेल अशा उंचीवर, एक मोठे बटण लावायचे आहे. ते दाबले की माडीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज येईल. त्याला आज दुपारी काय बोलशील असे विचारले. थोडा विचार करून त्याने मुद्रण करून दिले: "आई, आम्ही झाडाखाली हाय. तू वरनं जा."